वाडग्यातली वैद्यकी

दिवाळी अंकात खाण्यापिण्यावर लिहायचे म्हटले म्हणजे चकलीला काटा कसा आणावा आणि अनारसा तुपात का हसतो, एवढेच लिहावे, असा एक शिरस्ता आहे. तो शिरस्ता मी यंदा मोडणार आहे. फराळाचे डबे उघडे ठेवून, ऐन सणाच्या दिवसांत, मी एका हिरव्या वाडग्याशी भांडण काढणार आहे. भांडायला दिवाळीसारखा दुसरा मुहूर्त नाही. घरातली सगळी माणसे एका ठिकाणी सापडतात, आणि तोंडात लाडू असल्यामुळे समोरच्याला लगेच उलट बोलता येत नाही.

हा वाडगा म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. माचा नावाची जपानी हिरव्या चहाची पूड, दही आणि गोठवलेले केळे ही तिन्ही मिक्सरमधून काढली म्हणजे श्रीखंडाहून थोडे सैल, पोपटी रंगाचे एक मिश्रण तयार होते. ते खोलगट वाडग्यात ओतायचे, वर फळांच्या फोडी, सुकामेवा आणि बिया नक्षीदार मांडायच्या आणि चमच्याने खायचे. इंग्रजीत याला स्मूदी बाऊल म्हणतात. आधी तो शहरातल्या उपाहारगृहांत आला. आता मुंबई-पुण्याच्या घरांत, ओट्यावर, पोळ्यांच्या परातीशेजारी तयार होऊ लागला आहे.

माझे भांडण वाडग्याशी आहे असे म्हटले खरे. पण नेमके सांगायचे तर ते त्याच्या गळ्यात बांधलेल्या ताइताशी आहे. पदार्थ चांगला आहे. मी तो करते, खाते, आणि पुढे त्याची कृतीही देणार आहे. परंतु 'हे खाल्ले की शरीर शुद्ध होते, रक्त सुधारते, वजन उतरते, आणि मग दुसऱ्या जेवणाची गरजच नाही' अशी जी वैद्यकी त्या वाडग्यात कालवली जाते, ती निखालस थोतांड आहे. आणि तिची किंमत आपल्या घरातल्या मुली रक्ताने मोजीत आहेत. 'रक्ताने' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. त्याचा हिशेब पुढे देते.

त्याआधी, माझ्या बाजूने धावून येणाऱ्या काही मंडळींना दारातच थांबवले पाहिजे. असा वाद निघाला की ही मंडळी हटकून येतात. म्हणतात, "अहो, यात नवीन ते काय? आमचा गोपाळकाला हाच! आमचे शिकरण हेच! मग ही परदेशी थेरे कशाला?" या मंडळींची साथ मला नको. त्यांनी एकादशीच्या दिवशी स्वतःच्या ताटात डोकावून पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, मिरची आणि बटाटा, चौघेही अमेरिका खंडातले. पोर्तुगीज गलबते हिंदी महासागरात शिरली त्यानंतरच ते इकडे आले. म्हणजे आपल्या उपासाच्या खिचडीत तूप, जिरे आणि मीठ एवढेच काय ते सोवळ्यातले!

आणि चहाबद्दल तर आपण बोलूच नये. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावे छापवली आणि केवढे काहूर उठले! न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीतून जावे लागले. त्या वेळी आक्षेप चहापेक्षा तो कोणाच्या हातचा, याला होता, हे खरे. पण ज्या गावात एका पेल्यावरून ग्रामण्य झाले, त्याच गावात आज चहावाचून कोणाचा डोळा उघडत नाही. हा पालट आपोआप झाला असेही नाही. १९०३ साली सरकारने चहाच्या निर्यातीवर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाची जाहिरात चालवली. पुढे कित्येक वर्षे चहा पिण्याने तरतरी येते, काम सुधारते, असे आपल्याला शिकवले गेले. तेव्हा परदेशी म्हणून माच्याला हाकलण्याचा अधिकार आपल्याला राहिलेला नाही. आणि जाहिरातीने एखादे पेय आपल्या घशाखाली कसे उतरते, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

आता माच्याकडे वळू. ज्याचा एवढा गवगवा, तो आहे तरी काय?

चहाची पूड पाण्यात घुसळून पिण्याची रीत मूळची चीनमधली. एइसाई नावाचा जपानी बौद्ध भिक्षू ११९१ साली चीनमधून परतला. तिकडच्या मठांतली ही रीत जपानात रुजवण्याचे श्रेय त्याला देतात. त्याने १२११ साली चहावर एक पुस्तक लिहिले, आणि त्यात चहाला आरोग्याचे औषध म्हणूनच गौरवले. १२१४ साली शोगुन सानेतोमो रात्रीच्या मद्यपानाने बेजार होऊन पडला असता एइसाईने त्याला चहा दिला आणि सोबत ते पुस्तकही दिले, अशी नोंद आहे. म्हणजे चहाबरोबर त्याची जाहिरात देण्याची चाल आठशे वर्षांची जुनी! फरक एवढाच की एइसाईपुढे रोगी होता. आपल्याकडे धडधाकट माणसाला आधी रोगी ठरवून मग डबी विकतात.

या पुडीमागची मेहनत मात्र खरी आहे, आणि तिचा मान राखला पाहिजे. क्योतोजवळचे उजी हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तोडणीआधी सुमारे तीन आठवडे चहाच्या झुडपांवर सावली धरतात. उन्हाला मुकलेले पान गर्द हिरवे होते, त्यातला तुरटपणा कमी राहतो आणि एक प्रकारची गोडसर चव वाढते. मग ते पान वाफवून, न वळता वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात आणि उरलेला नाजूक भाग दगडी जात्यावर दळतात. जाते हळू फिरवावे लागते, नाही तर दगड तापून चव बिघडते. तासाभरात एका जात्यातून पडते अवघी चाळीस ग्रॅमच्या आसपास पूड. आपल्या आज्यांनी पहाटेच्या काळोखात किती ज्वारी दळली असेल, ते मनात आणा, म्हणजे या चाळीस ग्रॅमांची किंमत समजेल. २०२४ च्या शरद ऋतूत जगभरातून एवढी मागणी आली की क्योतोतल्या जुन्या पेढ्यांना गिऱ्हाइकामागे किती डब्या द्यायच्या यावर मर्यादा घालावी लागली. ज्याला दळायला तास लागतो, ते जगाने न्याहारीला ओरपायचे ठरवले म्हणजे दुसरे काय होणार?

पण मला खरा मुद्दा दिसतो तो जपानी लोक हा चहा कसा घेतात, यात. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू याने चहापानाच्या विधीला जे रूप दिले, ते आजही पाळले जाते. तो १५९१ साली हिदेयोशीच्या हुकमावरून आत्महत्या करून मेला, पण त्याची रीत राहिली. त्याची चहाची खोली दोन चटयांची. दार इतके बुटके की मोठ्यातल्या मोठ्या सरदारालाही तलवार बाहेर ठेवून, वाकून आत यावे लागे. आत यजमान स्वतःच्या हाताने चहा घुसळून पाहुण्यापुढे ठेवतो. आणि पूर्ण थाटाच्या चहापानात क्रम असा की आधी जेवण, मग गोड घास, आणि त्यानंतर माचा. रिकाम्या पोटी हा कडवट चहा सोसत नाही, हे त्यांना चांगले माहीत होते. तेव्हा, वाचकहो, ज्या देशाने जगाला माचा दिला, त्या देशाच्या या रीतीत तो जेवणानंतर येतो, आणि दुसऱ्याच्या हातून येतो. आपण तो जेवणाऐवजी घेतो, आणि एकटे बसून घेतो. अनुकरणच करायचे तर निदान पुरते तरी करावे!

आता रक्ताचा हिशेब.

माझ्या पुतण्याची मुलगी एकोणीस वर्षांची आहे. कॉलेजात जाते, हुशार आहे, मला फार आवडते. गेल्या वर्षी काही महिने ती माझ्याकडे राहायला होती. रोज सकाळी तिचा वाडगा तयार होई. मी एकदा विचारले, "हे झाल्यावर पोहे खाशील ना गं?"

"आजी, हेच जेवण. सुपरफूड आहे हे. यात अँटिऑक्सिडंट्स असतात."

"असू देत. आणि दुपारी?"

"दुपारी कॉफी घेते कॅन्टीनमध्ये. भूकच लागत नाही."

भूक लागत नाही हे तिने अभिमानाने सांगितले. तिची आईही, म्हणजे आमची सूनबाई, फोनवर म्हणाली, "काही का असेना, आत्याबाई, वडापावापेक्षा बरे." पुढे जिना चढताना धाप लागू लागली तेव्हा रक्त तपासले. हिमोग्लोबिन ९.१. बाईच्या रक्तात ते किमान १२ असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे माप आहे.

वाडग्याने तिचे रक्त आटवले, असे मी म्हणत नाही. मी तीस वर्षे मुलींच्या शाळेत रसायन शिकवले आहे. कारण आणि निमित्त यांतला भेद मला कळतो. रक्त आधीपासूनच कमी असणार. आपल्याकडे ते कमी असणे ही नेहमीचीच गोष्ट आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर शंभर भारतीय स्त्रियांत ५७ जणी रक्तक्षयाच्या निघाल्या, महाराष्ट्रात ५४. तुमच्या घरी भाऊबिजेला चार बहिणी-भाच्या जमल्या असतील, तर या हिशेबाने त्यांतल्या दोघींचे रक्त कमी आहे. ओवाळणीचे ताट हातात घेऊन उभ्या असताना त्यांच्या डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्या आहेत का, एवढे तरी पाहा.

अशा मुलीच्या पुढे हा वाडगा जेवण म्हणून आला म्हणजे काय होते ते ऐका. धान्य, डाळी, पालेभाज्या यांतले लोह शरीर मोठ्या नाखुशीने आत घेते. चहातली तुरट द्रव्ये त्या लोहाला धरून ठेवतात, आणि जे थोडेबहुत आत जायचे तेही अडते. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोहाचे शोषण बरेच घटते, हे १९७० च्या दशकापासून मोजून दाखवलेले आहे. दह्यातले कॅल्शियमही त्याच वाटेत थोडे आडवे येते. आणि वाडग्यात मुळात लोह ते किती? केळ्यात आणि दह्यात नावालाच. म्हणजे आधीच तुटपुंजे धान्य आणि त्याला उंदराचे भोक! ज्या मुलीला सकाळी बाजरीची भाकरी, पालेभाजी आणि लिंबाची फोड हवी, तिला आपण हिरवा रंग दाखवून रिकामी धाडतो. आणि रंग हिरवा म्हणून आई निर्धास्त.

येथे कोणी म्हणेल, "मग आपले चहा-पोहे काय वाईट करतात?" प्रश्न रास्त आहे. तोच दोष चहा-पोह्यांत आहे. पोह्यांवर पिळलेले लिंबू लोहाला आत जायला मदत करते आणि शेजारी वाफाळणारा कप त्या मदतीवर पाणी ओततो. माझा नियम दोघांना सारखाच. खाणे आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. तसे केले म्हणजे नुकसान बरेच टळते. पण चहा-पोह्यांना कोणी औषध म्हणत नाही, आणि बशीभर पोहे खाल्ल्यावर दुपारचे जेवण सोडा, असेही कोणी सांगत नाही. वाडग्याचा गुन्हा हा की तो अपाय करताना उपायाचे सोंग घेतो.

आता त्या अँटिऑक्सिडंट्सविषयी, ज्यांच्या नावाने डबी विकली जाते. कापलेले केळे थोड्या वेळाने काळे पडते, हे आपण रोज पाहतो. ते ज्या विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, काळे पडते, त्याचा आवडीचा आहार हीच द्रव्ये. २०२३ साली अमेरिका आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. कोकोतून काढलेली फ्लॅव्हॅनॉल नावाची द्रव्ये केळ्याच्या स्मूदीतून दिली, तेव्हा ती रक्तात जेवढी उतरली, त्याचे प्रमाण नुसत्या कॅप्सूलमधून दिल्याच्या मानाने ८४ टक्क्यांनी कमी भरले. माच्यातली कॅटेचिन ही द्रव्येही त्याच कुळातली. प्रयोग कोकोवरचा होता आणि माणसे थोडी होती, म्हणून मी त्यावर मोठी इमारत उभारीत नाही. पण गंमत पाहा: ज्या औषधासाठी एवढी महाग पूड आणली, ते औषध खाऊन टाकणारा त्याच वाडग्यात शेजारी बसवलेला असावा, हा संशय घ्यायला एवढे पुरे आहे. आमच्या नातीच्या तीस ग्रॅमच्या डबीला जेवढे पैसे पडले, तेवढ्यात आमच्या घरी पंधरा दिवसांचे दूध येते.

या सगळ्याच्या मुळाशी जे आहे, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही. आपल्या घरांत बाईने कमी खाण्याला नेहमीच काही ना काही चांगले नाव दिले गेले. माझी आजी सर्वांच्या पंगती उठल्यावर पातेल्यात उरेल ते खाई. त्याला नाव होते गृहिणीधर्म. आई सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि दोन्ही एकादश्या धरीत असे. त्याला नाव होते पुण्य. आता नात वाडगाभर केळे-दह्यावर दिवस काढते. त्याला नाव आहे आरोग्य. नावे बदलली, भांडी बदलली, पितळेच्या पातेल्याच्या जागी काचेचा वाडगा आला. ताटावरून अर्धपोटी उठणारी मात्र तीच राहिली. त्याच घरातला मुलगा हा वाडगा खातो तेव्हा तो त्याला मधल्या वेळचे खाणे म्हणतो, आणि जेवायला पाट मांडून तयार असतो! हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा आयांनो, मुलगी काय खाते एवढेच पाहू नका. त्यानंतर काय खात नाही, तेही पाहा.

एवढे भांडून झाल्यावर आता कृती. निंदा करून पदार्थ लपवून ठेवणे हे सुगरणीचे लक्षण नव्हे. शिवाय चार माणसांसाठी घरी केला म्हणजे त्याच्या गळ्यातला ताईत आपोआप गळून पडतो आणि नुसता चांगला पदार्थ उरतो.

आदल्या रात्री अर्धा लिटर सायीचे दूध तापवून, बोट सोसेल इतके कोमट झाल्यावर विरजण लावावे. विकतच्या परदेशी नावाच्या दह्याचे काही अडलेले नाही; ते बहुतेक आपल्या चक्क्याचेच भावंड असते. त्याच रात्री चार वेलची केळ्यांच्या, किंवा दोन मोठ्या केळ्यांच्या चकत्या करून बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. केळी चांगली पिकलेली, सालीवर ठिपके आलेली असावीत, म्हणजे साखर लागत नाही. सकाळी दही मलमलच्या फडक्यात तासभरच टांगावे. श्रीखंडाइतका घट्ट चक्का नको. मिक्सर फिरणार नाही. आणि न टांगता घातले तर मिश्रण पातळ होऊन वर मांडलेले सगळे तळाला जाते. निथळलेले पाणी फेकू नये, कणकेत घालावे.

माचा दोन सपाट चमचे, म्हणजे सुमारे चार ग्रॅम, बारीक गाळणीतून चाळून घ्यावा. ही पूड इतकी बारीक असते की तिच्या गुठळ्या होतात, आणि दह्यात पडलेली गुठळी काही केल्या फुटत नाही. दाताखाली आली की तोंड कडू. म्हणून ती आधी तीन-चार चमचे गरम पाण्यात फेटावी. पाणी उकळते नसावे; उकळी आल्यावर गॅस बंद करून पाच मिनिटे थांबावे. उकळत्या पाण्याने कडवटपणा वर येतो. जपानात यासाठी बांबूच्या बारीक काड्यांची फेटणी असते. आपल्याकडे ताकाची लहान रवी असेल तर तिने काम भागते. डबीवर 'सेरेमोनियल' असे मोठे अक्षर असले तर भुलू नये. जपानात तशी काही सरकारी प्रतवारी नाही. दह्याकेळ्यात घालायला मध्यम प्रतीचा, पण ताजा आणि हिरवागार माचा पुरतो. पिवळट पडलेला असेल तर तो जुना समजावा.

मग गोठवलेली केळी आणि दही मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावे. दूध किंवा पाणी घालण्याचा मोह आवरावा. एकजीव झाले की फेटलेला माचा आणि चिमूटभर मीठ घालून एकदाच फिरवावे. मिठाने केळ्याची गोडी उठते. चार वाडग्यांत घालून वर डाळिंबाचे दाणे, भाजलेले तीळ, काजूचे तुकडे, ओल्या खोबऱ्याचा कीस आणि अगदी शेवटी मूठभर साळीच्या लाह्या घालाव्यात. लाह्या आधी घातल्या तर मऊ पडतात. आणि लगेच खावे. छायाचित्र काढीत बसलात तर केळे विरघळते.

चव कशी लागते? दह्याचा आंबटपणा, केळ्याची गोडी, आणि त्यामागून हळूच येणारी हिरवी, कोवळ्या गवतासारखी कडसर चव. आपल्याला कारल्याची, मेथीची चव कळते. ही कळायला अडचण पडू नये. ती चव आहे म्हणूनच हा पदार्थ करावा. दुसरे कारण मला लागत नाही.

आता माझ्या अटी. पहिली, हा वाडगा दुपारी चार वाजता खावा, दुपारच्या जेवणानंतर पुरेसे अंतर ठेवून. सकाळच्या न्याहारीची आणि रात्रीच्या जेवणाची जागा त्याला द्यायची नाही. दुसरी, चारजणांत चार ग्रॅम, याहून अधिक माचा नको. एका ग्रॅममध्ये सुमारे तीस मिलिग्रॅम कॅफीन धरा. चमच्यावर चमचे घालणाऱ्यांची मग झोप उडते. लहान मुलांच्या वाट्याचे मिश्रण माचा घालण्याआधीच वेगळे काढावे. तिसरी, ज्या मुलीचे रक्त कमी आहे तिने डॉक्टर सांगतील ती लोहाची गोळी आणि हा वाडगा यांत चांगले अंतर ठेवावे. आणि चौथी, तो एकट्याने, दार लावून, खाऊ नये. करणाऱ्याने दुसऱ्याच्या हातात द्यावा. रिक्यूची एवढी एक गोष्ट तरी आपण उचलायला हरकत नाही.

माझ्या या लेखावर रागावून कोणी उत्तर लिहिणार असेल तर जरूर लिहावे. पण आधी घरातल्या प्रत्येक बाईचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, आणि तो आकडा उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहावा. आकडा बाराच्या वर असेल तर मी आनंदाने हरेन, आणि जिंकणाऱ्यांना माझ्या हातचा हिरवा वाडगा, अर्थात भाकरी-भाजी पोटभर जेवू घातल्यावर, देईन.